‘डायरेक्ट’ केलेला रेडिएटर फॅन: कंपनीचं सर्किट, वेगळा रिले की नुसता स्विच?

सेकंड हँड गाडीचं बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या प्लसवरून निघालेली एक लाल वायर काळ्या टेपच्या गाठोड्यातून फॅनकडे गेलेली दिसली, तर फॅन ‘डायरेक्ट’ केलाय, म्हणजे कंपनीचं सर्किट टाळून थेट बॅटरीवर जोडलाय असं समजायचं. मुंबईच्या जुन्या गाड्यांत हे इतकं सर्रास असतं की विकणारा ते दोष म्हणून सांगतच नाही. ‘फॅन कायम चालू, गाडी कधी गरम होणार नाही,’ असं कौतुकानं सांगतो. आता यावर तीन उपाय: कंपनीचं मूळ सर्किट परत उभं करायचं, स्वतंत्र रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि थर्मोस्विच (ठराविक तापमानाला आपोआप चालू होणारा स्विच) बसवायचा, किंवा डॅशबोर्डवरच्या स्विचवर भागवायचं. यातलं काय निवडायचं हे खिशावर कमी आणि आधीच्या मालकानं फॅन डायरेक्ट का केला यावर जास्त ठरतं.

आधी मूळ बिघाड शोधा

हौसेनं कोणी फॅन डायरेक्ट करत नाही. कधीतरी गाडी सिग्नलला तापली, गिऱ्हाइकाला लवकर मोकळं करायचं होतं, म्हणून वायर ओढली. खरा बिघाड तसाच आत आहे. तो मोटरमध्ये, फ्यूज-रिलेत, वायरिंग किंवा अर्थमध्ये (मायनसच्या जोडणीत), टेम्परेचर सेन्सरमध्ये किंवा ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) आत असू शकतो. दोन स्पीडच्या फॅनमध्ये लो स्पीडचा रेझिस्टर जळणं हेही नेहमीचं. आणि कधी फॅनचा काही संबंधच नसतो. रेडिएटर चोक असतो, कूलंटमध्ये हवा अडकलेली असते, किंवा सीएनजी किटच्या रिड्यूसरकडे (गॅसचं प्रेशर उतरवणाऱ्या भागाकडे) जाणारा कूलंटचा पाइप झिरपत असतो. रिड्यूसर इंजिनच्याच कूलंटवर गरम राहतो, हे कित्येक वायरमनच्या ध्यानात नसतं.

तपासणी मोटरपासून सुरू करा. कपलर (वायरींचा प्लग) सोडवून, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घेऊन मोटर सरळ बॅटरीवर चालवा आणि डीसी क्लॅम्प मीटरनं (वायर न तोडता करंट मोजणाऱ्या) करंट बघा. छोट्या हॅचबॅकचा एकच फॅन साधारण ८ ते १४ अँपिअर घेतो. सुरू होतानाचा झटका याच्या दुप्पट-तिप्पट असतो, त्यात काही वावगं नाही. पण चालू झाल्यावरही २० च्या आसपास रेंगाळत असेल, तर ब्रश किंवा बेअरिंग गेलंय. अशा मोटरवर नवं वायरिंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. हवेची दिशाही इथंच बघून घ्या. जोडणीत प्लस-मायनस उलटं झालं की फॅन उलटा फिरतो. रेडिएटरच्या मागे बसलेल्या फॅननं हवा इंजिनकडे ओढायला हवी. उलटा फॅन आवाज तेवढाच करतो, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

मग मूळ रिले काढा. त्याच्या सॉकेटमध्ये ३० नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस यायला हवा. ३० आणि ८७ एका जाड वायरीनं जोडल्यावर फॅन फिरला, तर जाड वायरिंग शाबूत आहे आणि बिघाड रिलेतच किंवा रिले ओढणाऱ्या कॉइलच्या बाजूला, म्हणजे ८५-८६ वर आहे.

बहुतेक एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांत कॉइलच्या एका पिनला इग्निशनचा प्लस मिळतो आणि दुसरीला ईसीएम मायनस देतो. ईसीएम जिवंत आहे का हे बघायला बॅटरी प्लस आणि त्या दुसऱ्या पिनमध्ये एलईडीचा टेस्ट लॅम्प लावा, इंजिन चालू करा, एसी लावा. दिवा लागला तर ईसीएम ठीक. इथं २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब कधीच लावू नका. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, तो बल्ब पावणेदोन. ईसीएममधला चांगला ड्रायव्हर (रिलेला मायनस देणारा ट्रान्झिस्टर) तपासता तपासताच जाळाल.

एसीवर दिवा लागला, पण गाडी तापल्यावर लागत नाही, तर संशय सेन्सरवर. त्याचा कपलर काढला की बहुतेक गाड्यांत ईसीएम घाबरून फॅन लावतो आणि चेक इंजिनचा दिवा येतो. कूलंटच्या तापमानाचा हा सेन्सर साधारण २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना तीनशे ओहमजवळ येतो. आकडा तापमानाबरोबर नीट उतरत नसेल तर सेन्सर बदला. काम तिथंच संपेल.

पर्याय पहिला: कंपनीचं सर्किट परत आणणं

ईसीएम जिवंत असेल तर दुसरा विचार करू नका. मूळ सर्किट फक्त ‘गरम झालं, फॅन लाव’ एवढंच करत नाही. एसी लावल्यावर कंडेन्सरसाठी (रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीसाठी) फॅन लगेच चालू होतो, फॅनचा लोड येताच ईसीएम आयडलिंग सावरतो, सेन्सर तुटला तरी फॅन लावून ठेवतो. हे सगळं बाहेरून पुन्हा बांधायला गेलात तर खर्च आणि डोकेदुखी दोन्ही वाढतात.

काम बहुतेक वेळा वाटतं त्याहून छोटं असतं. आधीच्या माणसानं वायर कापली ती सहसा मोटरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर. तिथून मागे सोलत जा. खाऱ्या हवेत उघडी राहिलेली तार इन्सुलेशनच्या आत बरीच लांबपर्यंत काळी-हिरवी पडते, म्हणून लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापा आणि कमी पडलेली लांबी ४ स्क्वेअर एमएमच्या ऑटो वायरनं भरून काढा. कपलर वितळलेला असेल तर पिगटेलसकट (वायरीच्या तुकड्यासकट) जुना कपलर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्याच मॉडेलच्या गाडीतून निघालेला मिळू शकतो. घेताना पिना चिमटीत धरून बघा. निळसर पडलेली किंवा सैल पिन म्हणजे तुमचा जुनाच आजार परत विकत घेणं.

संपूर्ण फ्रंट हार्नेस (पुढच्या वायरिंगचा गुच्छ) बदलण्याचा सल्लाही मिळेल. तो फक्त उंदरांनी कुरतडलेल्या किंवा आग लागून गेलेल्या गाडीसाठी. एका फॅनपायी अख्खा हार्नेस उतरवला तर पन्नास नवे जोड हलतात.

या पर्यायातली खरी अडचण वेळेची. सर्किट डायग्राम समोर ठेवून, मीटर हातात घेऊन काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधावा लागतो. टेस्ट लॅम्प टोचत अंदाज बांधणाऱ्याच्या हाती ईसीएमची वायर देऊ नका. त्या बारीक वायरला चुकून थेट प्लस लागला आणि रिले ओढायच्या वेळी ईसीएमनं मायनस दिला, तर आतला ट्रान्झिस्टर जातो.

पर्याय दुसरा: स्वतंत्र रिले आणि थर्मोस्विच

ईसीएमचा फॅन ड्रायव्हर जळालाय आणि त्याच्या दुरुस्तीवर खर्च करायचा नाही, किंवा गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली असून तिचा थर्मोस्विच मिळत नाही, तर हा मार्ग. नीट केला तर वर्षानुवर्षं चालतो. यातली खुबी सगळी सामान निवडण्यात आहे.

जाड वायर ४ स्क्वेअर एमएम, प्लस आणि अर्थ दोन्हीला. कॉइलला ०.७५ किंवा १ पुरते. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातली घरगुती वायर स्वस्त पडते, पण तिचं पीव्हीसी ७० अंशांचं असतं आणि रेडिएटरजवळ तेवढं तापमान सहज येतं. १०५ अंशांची ऑटो वायरच घ्या. जाडीचा फरक किती पडतो बघा: ३ मीटर १ स्क्वेअर एमएम वायरीत १५ अँपिअरला साधारण ०.८ व्होल्ट वाटेत जातात, ४ स्क्वेअर एमएममध्ये ०.२. तेवढ्यानं फॅनचा वेग कमी होतो आणि गेलेला व्होल्टेज वायर तापवण्यात खर्च होतो.

फ्यूज ३० अँपिअरचा, बॅटरी प्लसपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. रिलेजवळ लावलेला फ्यूज रिले वाचवेल, पण बॅटरीपासून तिथवर येणारी वायर बॉडीला घासली तर आग तशीच लागेल. रिले ४० अँपिअरचा, पिना खाली तोंड करून, चाकाचं पाणी उडणार नाही अशा जागी. आत डायोड असलेला रिले घेतलात तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे पाळावंच लागतं, नाहीतर पहिल्याच झटक्यात डायोड किंवा कॉइलचा फ्यूज उडतो.

थर्मोस्विचवर ९२-८७ किंवा ९५-९० असे दोन आकडे असतात: पहिल्यावर चालू, दुसऱ्यावर बंद. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा. थर्मोस्टॅट ८२ ला उघडणारा आणि वरच्या होजमधला (रेडिएटरच्या रबरी पाइपमधला) स्विच ८० ला बंद होणारा असेल, तर फॅन थांबायचं नावच घेणार नाही आणि तुम्ही फिरून ‘डायरेक्ट’वर आलात. रेडिएटरच्या खालच्या, थंड बाजूला बसवायचा असेल तर मात्र कमी आकड्याचा स्विच लागतो.

होज कापून ॲल्युमिनिअमचा अडॅप्टर बसवताना एक चूक हमखास होते. स्विच एका पिनचा असेल तर त्याला अर्थ स्वतःच्या धातूतून मिळतो, पण अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. अर्थ पोचतच नाही, फॅन लागत नाही आणि दोष नव्या रिलेवर येतो. दोन पिनांचा स्विच घ्या, किंवा अडॅप्टरला वेगळी अर्थ वायर द्या.

एसी विसरू नका. कॉम्प्रेसर क्लचच्या वायरवरून दुसऱ्या रिलेची कॉइल चालवा आणि दोन्ही रिलेंचे ८७ एकत्र करून मोटरला द्या. हे राहिलं तर गाडी पळताना एसी थंड, घाटकोपर-अंधेरी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये कोमट. कंडेन्सरला वारा नसला की गॅसचं प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. लोक गॅस भरून घेतात आणि तक्रार तिथंच राहते.

एका प्रकारच्या गाडीत हा पर्याय बादच: फॅनला दोन जाड वायरींसोबत एक-दोन बारीक वायरी असून वेग ईसीएमच्या पल्सवर बदलत असेल तर. तिथं फॅनचा कंट्रोल मॉड्यूलच बदलावा लागतो.

पर्याय तिसरा: डॅशबोर्डवर स्विच, किंवा आहे तसाच डायरेक्ट

इग्निशनवर कायम चालणाऱ्या फॅननं इंजिन फार थंड होतं हा समज अर्धाच खरा. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो स्वतः मिटतो आणि मुंबईच्या हवेत फारसा फरक पडत नाही. पण फॅन डायरेक्ट करणाऱ्यानं बऱ्याचदा थर्मोस्टॅटही काढून फेकलेला असतो. मग इंजिन तापमानाला पोचतच नाही, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. सकाळी पाच-सात किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहिला, तर आधी थर्मोस्टॅट परत बसवा.

दुसरं नुकसान पावसात दिसतं. आयडलिंगला छोट्या गाडीचा अल्टरनेटर मर्यादितच करंट देतो. हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि त्यात विनाकारण चालणारा फॅन, असा तासभर जॅम लागला की बॅटरी उतरते. शिवाय हिंदमाता किंवा अंधेरी सबवेजवळ साचलेल्या पाण्यातून जाताना एसी बंद केला की कंपनी सर्किटचा फॅन इंजिन तापेपर्यंत थांबलेला राहतो. डायरेक्ट फॅन पाण्यातही फिरतो. पाती वाकून रेडिएटरच्या जाळीला लागतात किंवा मोटर अडकून फ्यूज जातो.

डॅशबोर्डवरच्या स्विचचा दोष एवढाच की तो लावायची आठवण माणसाला ठेवावी लागते, आणि ती गाडी दुसऱ्याच्या हातात दिल्यावर नेमकी राहत नाही. त्यात मोटरचा सगळा करंट त्या स्विचमधूनच नेला असेल, तर आजच तोडा. असा स्विच वितळू शकतो, आणि तो डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिकच्या मधोमध असतो. स्विच हवाच असेल तर तो फक्त रिलेच्या कॉइलला, थर्मोस्विचला समांतर, अडीअडचणीपुरता. मोठ्या आगीच्या क्लेमला विम्याचा सर्व्हेअर असलं बाहेरचं वायरिंग बघून प्रश्न काढू शकतो, हेही हिशेबात धरा.

जोड कसे हवेत, आणि काम झालं हे कसं ओळखायचं

पिळून टेप मारलेला जोड कुठल्याही पर्यायात चालत नाही. बॉनेटच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळून सुटतो. नुसती सोल्डरिंगही नको, कारण जिथं सोल्डर संपतं तिथं वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तुटते. योग्य मापाचा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड), क्रिम्पिंग प्लायरनं दाबलेला, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. अर्थ बॉडीला, रंग खरवडून, घट्ट बोल्टनं, वर पेट्रोलियम जेलीचा हात.

पैसे द्यायच्या आधी फॅन चालू असताना मीटर लावून घ्या. बॅटरी प्लस ते मोटरचा प्लस यात ०.५ व्होल्टच्या आत, मोटरचा मायनस ते बॅटरीचा मायनस यात ०.२ च्या आत. मग एसी बंद ठेवून गाडी उभ्यानं तापू द्या. फॅन लागला पाहिजे, काटा खाली आणून बंद झाला पाहिजे, आणि हे किमान तीनदा व्हायला हवं. शेवटी फ्यूजहोल्डर आणि रिलेला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर जोड सैल आहे, गाडी तिथंच थांबवून परत क्रिम्प करून घ्या. आणि हात घालताना बॅटरीचा मायनस काढलेला असू द्या, कारण कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही गरम इंजिनचा फॅन अचानक फिरायला लागतो.