सांगितलेलं ऐकतं आणि न सांगितलेलंही: पर्सनलाइज्ड सर्च इंजिन काही महिने वापरल्यावर

पैसे भरून वापरायचं, जाहिराती नसलेलं आणि तुमचे रिझल्ट तुमच्या आवडीप्रमाणे लावून देतो म्हणणारं एक नवीन सर्च इंजिन गेले बरेच महिने फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे डिफॉल्ट ठेवलंय. पहिल्या दोन-चार दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू भरपूर आहेत, सगळे खूश, पण असल्या गोष्टीचा खरा स्वभाव कळायला त्याला आपली सवय व्हावी लागते (आपल्याला त्याची नाही, त्याला आपली), म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय. नाव लिहीत नाही, नाव घेतलं की रिव्ह्यू एकतर जाहिरात वाटतो नाहीतर सूड.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ह्यातच सगळी गंमत आहे. पर्सनलाइज्ड म्हणून जे काही विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे तुम्ही स्वतः सांगता की ही साइट नको, ती वर दाखव. दुसरी म्हणजे तुम्ही काही सांगत नाही, तुम्ही कशावर क्लिक करता ते बघून इंजिन स्वतःच ठरवतं की तुम्हाला काय आवडतं. पहिलीसाठी मी आनंदाने पैसे भरेन. दुसरीचं मात्र जरा लांबलचक आहे.

तर पहिली. प्रत्येक रिझल्टच्या बाजूला छोटं बटण, त्यात ती साइट वर आण, खाली ढकल, ब्लॉक कर किंवा कायम पिन कर. बास, एवढंच. कल्पना नवीन नाही, गूगलनेच २००८ मध्ये सर्चविकी म्हणून आणलं होतं, रिझल्ट वर-खाली करता यायचे, काढून टाकता यायचे, आणि २०१० मध्ये ते गुंडाळून नुसते स्टार ठेवले. अलीकडे कागी ह्या पैसे भरून वापरायच्या सर्च इंजिनने हेच नीट करून दिलं आणि ब्रेव्ह ब्राउझरवाल्यांच्या ब्रेव्ह सर्चमध्ये गॉगल्स म्हणून कुठली साइट वर-खाली करायची त्याचे नियम लिहायची सोय आली. म्हणजे मागणी जुनीच होती, मोठ्या फुकट सर्चमध्ये ती कोणाला टिकवावीशी वाटली नाही इतकंच.

सुरुवातीला मी धडाधड ब्लॉक करत सुटले. दुसऱ्यांची उत्तरं जशीच्या तशी उचलून लावणाऱ्या साइट, "टॉप १० अमुक" लिहून खाली कमिशनच्या लिंका देणाऱ्या, फोटो दाखवून मग लॉगिन मागणाऱ्या, आणि मशीनने लिहिलेली ती पानं ज्यात सहा परिच्छेद वाचल्यावरही उत्तर नसतं. आश्चर्य म्हणजे थोड्याच दिवसांत हात थांबला, कारण कचरा कितीही वाटला तरी तो फिरून फिरून त्याच ठरावीक साइटवरून येत असतो, तेवढ्या काढल्या की पहिलं पान एकदम वाचण्यासारखं होतं. आता फार क्वचित काही ब्लॉक करते आणि करायचंच झालं तर आधी "खाली ढकल" वापरते, कारण एखाद्या बंद पडलेल्या जुन्या मॉडेलचं मॅन्युअल शोधताना कधीकधी उत्तर फक्त त्या भंगार साइटवरच असतं, ब्लॉक असेल तर ते आहे हेसुद्धा कळत नाही. पिनचंही तसंच, विकिपीडिया आणि कामाच्या सॉफ्टवेअरचं अधिकृत डॉक्युमेंटेशन सोडून काही पिन करू नका, हे इंजिन पिन केलेली साइट जेमतेम संबंध असला तरी वर आणून बसवतं.

आता दुसरी. हे काम कसं करतं तर आधी सगळ्यांना लागतात तसेच रिझल्ट काढायचे आणि मग तुमचं प्रोफाइल बघून त्यांचा क्रम बदलायचा. हेही जुनंच आहे बरं का, गूगलने सर्च हिस्टरीवरून पर्सनलाइज करणं २००५ मध्ये लॉगिन केलेल्यांसाठी आणलं आणि डिसेंबर २००९ मध्ये लॉगिन नसलेल्यांनाही कुकीवरून (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती खुणेची छोटी फाइल) लागू केलं, १८० दिवसांच्या हिस्टरीवर. इथे नवीन काय तर तुमचं प्रोफाइल तुम्हाला बघता येतं, विषय आणि त्यापुढे कमी-जास्त लांबीची पट्टी. माझं प्रोफाइल मी उघडलं तेव्हा हसूच आलं. मी पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत डेटाचं काम करते त्यामुळे पांडाज ही लायब्ररी (म्हणजे टेबलं हाताळायचा तयार कोड) रोज शोधते, घरातल्या लेकराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पांडा प्राण्याची माहिती हवी होती तर पहिलं पान भरून टेबल आणि कॉलम. लोखंडावरचा गंज कसा काढायचा हे इंग्रजीत शोधलं तर रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायचे कोर्स, जी भाषा मी जन्मात वापरलेली नाही, पण प्रोग्रॅमिंग करणारी बाई म्हणजे तेच हवं असणार.

असे घोळ तरी चटकन दिसतात. न दिसणारा प्रॉब्लेम हा की क्लिक म्हणजे आवड नव्हे. कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन योआखिम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे कुठे फिरतात ते मोजून २००५ मध्ये दाखवलं होतं की रिझल्टचा क्रम मुद्दाम उलटा केला तरी लोकांचा वरच्या लिंककडे कल राहतोच, वर आहे म्हणजे चांगलंच असेल ह्या भरवशावर. म्हणजे वर होतं म्हणून मी क्लिक केलं, मी क्लिक केलं म्हणून ते आणखी वर गेलं, आणि ह्याला नाव माझी आवड. शिवाय हे इंजिन पानावर किती वेळ थांबलात तेही मोजतं (सेटिंगमध्ये तसं लिहिलंय), पटकन परत आलात तर पान आवडलं नाही असं धरतं. अरे पण मला एक आकडा हवा होता, तो दिसला, दोन सेकंदांत परत आले, ते पान तर सगळ्यात उत्तम होतं! उलट ज्या पानावर मी दहा मिनिटं उत्तर शोधत बसले आणि मिळालं नाही ते हळूहळू वर चढत गेलं. ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात कशी येत नाही कोण जाणे.

ओळखीतल्या एकांच्या आजाराबद्दल शोधलं होतं, तर त्यानंतर कितीतरी दिवस डोकेदुखी शोधली तरी त्या आजाराची पानं वर. नसती भीती. हिस्टरी पुसली तरी फरक नाही, कारण हिस्टरी वेगळी आणि त्यातून शिकलेला विषय वेगळा, तो विषय काढायचा तर प्रोफाइलमध्ये आत आत जाऊन हाताने काढावा लागतो. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. पुसलं म्हणजे पुसलं असंच कोणीही समजणार ना.

एली पॅरिसर ह्यांनी २०११ मध्ये फिल्टर बबल म्हणून जी भीती घातली होती, की प्रत्येकाला आपल्याच मताचं दिसत राहील, ती मी तपासून पाहिली, हेच प्रश्न पर्सनलायझेशन बंद करून पुन्हा टाकून. मतांच्या बाबतीत मला तरी फार फरक दिसला नाही. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये गूगलवर मोजलं होतं तेव्हाही सरासरी ११.७ टक्के रिझल्टमध्येच पर्सनलायझेशनचा फरक निघाला होता आणि तो मुख्यतः लॉगिन आणि आयपी ॲड्रेसमुळे (म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता). मला जाणवलं ते वेगळंच, कंटाळा. त्याच त्याच साइट. पूर्वी कुठलातरी अनोळखी माणसाचा ब्लॉग सापडायचा, ज्याने एकाच विषयावर वेड्यासारखं लिहून ठेवलेलं असायचं, ते जवळजवळ बंदच झालं. त्यामुळे आता बातम्या, तब्येत, खरेदी ह्यासाठी अंदाजवालं पर्सनलायझेशन बंद, फक्त कामाच्या शोधांना चालू, तिथे ते खरंच वेळ वाचवतं.

आणि मराठीत शोधताना! इथे मात्र त्याला पूर्ण मार्क. लिपी एकच असल्यामुळे "नियम", "इतिहास" असले शब्द टाकले की हिंदीचाच पूर येतो हे आपल्याला नवीन नाही, आणि सेटिंगमध्ये मराठी निवडून अर्धंच काम होतं. पण मी सतत मराठी पानंच उघडते हे ह्याने स्वतःहून ओळखलं आणि काही आठवड्यांनी हिंदी पानं आपोआप खाली गेली, मी काही न सांगता. अंदाज बांधण्यावर एवढी टीका करून झाली म्हणून हेही सांगायला हवं. बाकी मराठी मात्र कच्चंच आहे, "पाणी गळती" आणि "पाण्याची गळती" ह्यांचे रिझल्ट वेगळे, वेबसाइट ऱ्हस्व लिहा की दीर्घ त्यावर नशीब, शब्दाचं सामान्यरूप झालं की ह्याला तो वेगळाच शब्द वाटतो. ते पर्सनलायझेशनने सुटणारं नाही.

एआयचं उत्तर वर येतं, कायमचं बंद करता येतं, मी केलं. स्पीड ठीक. नकाशे आणि आसपासचं काही शोधायला बेकार, त्यासाठी दुसरीकडेच जाते.

प्रायव्हसीचं म्हणाल तर, जाहिराती नाहीत म्हणजे माहिती कोणाला विकत नाहीत हे पटतं, पण पैसे भरायला खातं लागतं आणि मग सगळे शोध त्या खात्याला चिकटणार. एओएल ह्या अमेरिकन इंटरनेट कंपनीने २००६ मध्ये साडेसहा लाखाच्या आसपास लोकांचे सुमारे दोन कोटी शोध नावाऐवजी नंबर टाकून जाहीर केले होते, तरी पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून माणूस शोधून काढला होता. म्हणून इथे प्रोफाइल खात्यात न ठेवता फक्त डिव्हाइसवर ठेवायचा ऑप्शन आहे तो मी घेतला. तोटा असा की फोन आणि लॅपटॉप एकमेकांचं काही शिकत नाहीत, आणि झालं उलटंच, तोच फायदा निघाला. लॅपटॉपला माझं काम माहितीये, फोनला बाकीचं आयुष्य, पांडा आता फोनवर शोधला की प्राणीच येतो. कोणी घेणार असेल तर पहिल्या दिवशी हे सेटिंग करा, सगळ्यांत जास्त फरक ह्यानेच पडला.

वर्षाचं सबस्क्रिप्शन स्वस्त पडतं तरी मी महिन्याचंच ठेवलंय. गूगलमधून बाहेर पडलेल्या अनुभवी लोकांनी काढलेलं नीवा असंच पैसे भरून वापरायचं, जाहिराती नसलेलं होतं आणि तेसुद्धा २०२३ मध्ये बंद झालं. त्यातून छोट्या इंजिनांपैकी कितीतरी जण रिझल्ट मोठ्यांकडून विकत घेतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या बिंगने त्यांचा सर्च एपीआय (दुसऱ्या इंजिनांना रिझल्ट पुरवायची सोय) ऑगस्ट २०२५ मध्ये बंदच केला, म्हणजे दोर दुसऱ्याच्या हातात. इतके महिने बसून लावलेली ब्लॉक आणि पिनची यादी इथे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घेता येते, ती मी दर थोड्या दिवसांनी घेऊन ठेवते. शिकलेलं प्रोफाइल मात्र बाहेर काढता येत नाही. त्याबद्दल आणि त्या हिस्टरी पुसण्याबद्दल सपोर्टला लिहिलंय, पहिल्याचं उत्तर "विचार चालू आहे", दुसऱ्याचं अजून नाही. दुसऱ्याचं काय होतंय ते बघून पुढचं ठरवेन, तोवर महिन्याचं चालू.