फायटर माशाच्या ‘पाणी उपचारा’त गेलेले ७,४८९ रुपये

पाणी तपासणी अहवालाचे ३५० रुपये, ‘जिवंत जिवाणूं’च्या बाटलीचे १,४५०, ‘तणावमुक्ती द्रावणा’चे ८९०, आयात केलेल्या हाफमून (अर्धचंद्रासारख्या शेपटीच्या) फायटर जोडीचे २,८०० आणि त्या जोडीच्या ‘परत मिळणाऱ्या विलगीकरण शुल्का’चे १,९९९ असे एकूण ७,४८९ रुपये एका भामट्याने माझ्याकडून उकळले. असले प्रकार कसे चालतात हे सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही होते. वीज तोडण्याच्या धमक्या आणि केवायसीचे फोन मी आजवर पहिल्या वाक्यालाच बंद केले आहेत. एका माशापायी फसलो हे घरात सांगतानाही मान खाली जाते, परंतु गप्प राहिलो तर तो माणूस दुसरे घर गाठेल.

आम्ही उत्तर गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या म्हापशाला राहतो. पावसाळ्यात नळाचे पाणी कधी गढूळ येते, तर कधी त्याला क्लोरिनचा उग्र वास असतो. अशाच पाण्याने टाकी भरल्यानंतर आमचा निळा फायटर पर आकसून तळाशी पडून राहू लागला, त्याचा रंग फिका झाला आणि तो खाणे टाळू लागला. मासे पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी विचारणा केली, तेव्हा या गृहस्थाने आपण होऊन खासगी संदेश पाठवला. त्याने जे सांगितले त्यातले बहुतेक खरे होते, हेच मला अजून बोचते. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो म्हणून लोक त्याला वाडग्यात ठेवतात, परंतु अमोनियाने त्याचे कल्ले इतर माशांसारखेच भाजतात. इतकी नेमकी माहिती देणाऱ्यावर कोण संशय घेईल?

संशय घ्यायला हवा होता तो क्षण मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याने पाण्याचा नमुना मागितलाच नाही, टाकीचे छायाचित्र मागितले, आणि अर्ध्या तासात पीडीएफ अहवाल पाठवला: अमोनिया २.० पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग). अमोनिया पाण्यात दिसत नाही. तो मोजण्यासाठी पाण्यात रसायनाचे थेंब टाकून रंग पट्टीशी जुळवावा लागतो. त्याच अहवालात ‘पाण्याचा स्रोत: साळावली’ असे छापले होते. बार्देशला पाणी अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातून येते, तर साळावलीचे धरण सांगे तालुक्यात असून ते दक्षिण गोव्याची तहान भागवते, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. मी ती ओळ वाचली होती. परंतु समोर मासा धापा टाकत असताना माणूस स्रोताची ओळ तपासत बसत नाही, त्याची नजर आधी औषधाच्या नावाकडे जाते.

बाटल्या आल्या. पहिलीवर उत्पादनाची तारीख नव्हती, घटक नव्हते, आणि टाकीत ओतूनही काहीच फरक पडला नाही. दुसरीतले तपकिरी पाणी नाकाशी धरताच ओळखीचा वास आला: ते देशी बदामाच्या वाळक्या पानांचे पाणी होते. ही पाने टॅनिन सोडतात, पाणी किंचित आम्लधर्मी करतात आणि फायटर पाळणारे ती आवडीने वापरतात, हे खरे आहे. पण गोव्यात अर्ध्या रस्त्यांच्या कडेला ही झाडे उभी असताना त्यांच्या काढ्याला ८९० रुपये! गळून पडलेली, फवारणी न झालेल्या जागेवरची तपकिरी पाने धुऊन वापरली तर एक पैसाही लागत नाही.

तेव्हाही मी थांबलो नाही, कारण त्याने ‘भरपाई म्हणून निम्म्या दरात’ थायलंडची जोडी देऊ केली. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर ठरवले, हेही त्याने ऐकवले. नर आणि मादी एकाच टाकीत ठेवा, असे सांगणारा माणूस मासे पाळणारा असूच शकत नाही. नर मादीला फाडून काढतो. मग मासे गोव्यातल्या मोपा विमानतळावर अडकल्याचे कारण देऊन ते विलगीकरण शुल्क मागितले गेले. सरकारी शुल्क कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर भरायचे नसते. मासे आले नाहीत आणि माझा क्रमांक ब्लॉक झाला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो “मासे खायला घेतलेले की पाळायला?” असा, आणि त्यावर सगळे हसले. रक्कम लहान आहे, ऑनलाइन तक्रार करा, असे सांगून मला वाटेला लावले. बँकेतल्या अधिकाऱ्याने, पिन तुम्हीच टाकला म्हणजे व्यवहार तुमच्याच संमतीचा, एवढे म्हणून कागद परत सरकवला. ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचे नाव गोपनीय, आणि माझी फजिती मात्र सार्वजनिक! ज्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवायची त्याचा पत्ता तक्रारदारानेच आणावा, अशी यांची अपेक्षा असते. पत्ता मला माहीत असता, तर मी ठाण्याऐवजी त्याच्याच दारात उभा राहिलो असतो. लाखांच्या खालच्या चोरीला चोरी मानायचे नाही, असा नियम असेल तर तो फलकावर तरी लावावा.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. संभाषण रागाच्या भरात पुसू नका. विक्रेत्याचा ठावठिकाणा हाती असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माशाचे म्हणाल तर तो बचावला तो रोज पाव टाकी पाणी बदलल्यामुळे. क्लोरिन घालवणारे साधे द्रावण आणि थेंबांचा तपासणी संच जवळच्या दुकानातून समोर पाहून घ्या, पाणी २४ ते २८ अंशांवर ठेवा आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, कारण विकत घ्यायला सांगितले जाणारे जिवाणू त्यातच फुकट राहत असतात. ‘स्रोत: साळावली’ असे लिहिलेला अहवाल बार्देश, पेडणे किंवा डिचोलीत आणखी कुणाला आला असेल, तर त्याने रकमेची लाज न बाळगता स्वतंत्र तक्रार नोंदवावी, एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी असल्या, की ‘रक्कम लहान’ हे उत्तर देणे ठाण्यालाही अवघड जाईल.