जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक: मोटर एकच बदलली, पावसाळा निघाला

गाडी २००८ सालची, पेट्रोल हॅचबॅक. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून आरसी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. इंजिन ठणठणीत आहे, विकायला काढली तर कवडीमोल भाव येतो, म्हणून ती वापरायचीच हे घरात ठरलेलं. सेंट्रल लॉकिंग (प्रत्येक दारातली छोटी मोटर त्या दाराचं लॉक खाली-वर करते ते) कंपनीचंच, रिमोट मात्र नंतर बाहेरून बसवलेला. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

दुखणी तीन होती. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक मनात येईल तेव्हा चालायचं. मागचं डावं दार पूर्ण मेलेलं, आवाजसुद्धा नाही. आणि कधीमधी रिमोट दाबला की चारही नॉब खाली जायचे आणि लगेच टुणकन वर यायचे. गाडी लावून निघालं की मागे फिरून प्रत्येक दार ओढून बघायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

नाना पेठेत एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्याने दार उघडूनही न बघता सांगितलं, "साहेब, चारही मोटरी नवीन टाका, रिमोटसकट किट बसवून देतो, कटकट मिटेल." त्याचंही चूक म्हणता येत नाही. बाजारातलं चार मोटरींचं आख्खं किट कंपनीच्या एका मोटरीपेक्षा स्वस्त पडतं, आणि बिघाड शोधण्यात जाणाऱ्या तासाभराचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. पण किट बसवताना जुनं वायरिंग मध्येच कापतात, टेप मारून जोडतात, आणि दोन वर्षांनी त्या जोडांचं दुखणं मूळ दुखण्यात मिसळतं. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी दारांच्या आतल्या बाजूचे पॅड घरीच उघडले. आता दिवाळी उलटून गेली आहे, मधला पावसाळा गाडी उघड्यावर उभी होती, तेव्हा लिहायला हरकत नाही. तीन दुखण्यांपैकी मोटरीचं दुखणं एकच निघालं.

आधी शोधायचं कसं ते. चारही दारं एकदम बंद पडली असतील तर दारात हात घालू नका. फ्यूज, कंट्रोल युनिटची (सगळ्या मोटरींना हुकूम देणाऱ्या डबीची) अर्थिंगची वायर आणि त्याला येणारा करंट बघा. एकच दार बिघडलं असेल तर दोष त्या दारात किंवा त्या दाराच्या वायरीत. लॉक होतं पण अनलॉक होत नाही, किंवा उलट, असं असेल तर वायर तुटल्याची शक्यता कमी, कारण मोटरीकडे जाणाऱ्या दोन वायरी दोन्ही कामांना त्याच असतात. फक्त प्लस-मायनसची अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. तिथे संशय कंट्रोल युनिटमधल्या रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर), नाहीतर एका दिशेला जड झालेल्या लॅचवर, म्हणजे दार पकडून ठेवणाऱ्या खटक्याच्या यंत्रणेवर घ्यायचा. मागचं दार बाहेरून उघडतं पण आतून उघडत नाही अशी तक्रार असेल तर मोटर खोलण्याआधी दाराच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची छोटी कडी बघा. गाडी धुताना ती सरकलेली मी तीन-चार जणांकडे पाहिली आहे.

ड्रायव्हरच्या दाराचं लक्षण बोलकं होतं. दार पूर्ण उघडं असलं की लॉक चालायचं, बंद केलं की नाही. याचा अर्थ बिघाड बिजागरीजवळच्या रबरी नळीत. दार आणि खांब यांच्या मधल्या त्या काळ्या नळीतून दाराच्या सगळ्या वायरी जातात आणि दार उघडता-मिटताना दर वेळी तिथेच वाकतात. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून आधी तिथली वायर जाते. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवली. एका वायरीचं वरचं आवरण तडकलं होतं आणि आत तांब्याच्या दोन-तीन तारा कशाबशा टिकल्या होत्या.

डिजिटल मीटरने हा बिघाड बहुतेकांना सापडत नाही. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एक तार शिल्लक असली तरी तो आनंदाने १२ व्होल्ट दाखवतो. शिवाय लॉकचा झटका सेकंदभरही टिकत नाही, आकडा स्थिर व्हायच्या आत संपतो. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन पिना एवढंच वापरलं. मोटरीचं कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना बल्ब लावायचा आणि कोणाला तरी रिमोट दाबायला सांगायचं. बल्ब पावणेदोन अँपियर मागतो. लॉकला आणि अनलॉकला दोन्ही वेळा लख्ख चमकला तर वायर आणि कंट्रोल युनिट ठीक. मिणमिणला तर वायर खराब. पेटलाच नाही तर मागे मागे जात शोधा. पुण्यात तपकीर गल्लीतून मीटर आणायला जाणार असाल तर जा, घरात असावाच, पण या कामाला बल्बच.

वायर जोडताना एक काळजी घ्या. नळीत जिथे वायर वाकते तिथेच सोल्डरचा डाग दिला तर जोड कडक होतो आणि वायर डागाच्या कडेला पुन्हा तुटते. त्यामुळे खराब तुकडा पुरता काढून मऊ, बारीक तारांची नवीन वायर घातली. एक जोड दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत, दोन्हींवर हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी. शेजारच्या दोन वायरींचं आवरणही चिरायला लागलं होतं, त्याही त्याच वेळी बदलून घेतल्या. या जोडांनी आजवर काही त्रास दिलेला नाही.

नॉब खाली जाऊन परत वर येणं मात्र वायरीने थांबलं नाही. त्यामागचं कारण कळायला हवं. ड्रायव्हरच्या मोटरीत एक छोटा स्विच असतो, लॉक पूर्ण लागलं की नाही हे तो कंट्रोल युनिटला कळवतो. बाजारातल्या किटमध्येही पुढच्या दारांसाठी पाच वायरींची मोटर येते आणि मागच्यांसाठी दोन वायरींची, त्या जास्तीच्या तीन वायरी याच स्विचच्या. लॅच जड झाला की मोटर शेवटपर्यंत पोचत नाही, युनिटला वाटतं दार उघडलं, आणि ते चारही दारं उघडून टाकतं. म्हणजे मोटर बदलली असती तर नव्या मोटरीच्या जोरावर चार महिने निभावलं असतं आणि मग पुन्हा तेच. मोटर आणि लॅच जोडणारा रॉड सोडवून लॅचचा खटका बोटाने हलवून पाहिला, जुनं ग्रीस वाळून धुळीसकट मेणासारखं घट्ट झालं होतं. केरोसीन आणि ब्रशने धुतलं, वाळू दिलं, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंच लावलं. गंज सोडवायचे पातळ स्प्रे मारून लॅच दोन दिवस छान चालतो, पण ते टिकाऊ वंगण नाही. चाचणी घेताना दार उघडं ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करावा लागतो. दार लावायच्या आधी तो हँडल ओढून सोडवायला विसरू नका, नाहीतर दार खांबावरच्या कडीवर आपटेल.

ही सफाई या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. पावसाळाभर एकदाही नॉब परत वर आले नाहीत. मग उरलेल्या दारांचीही करून घेतली आणि चारही लॉकचा आवाज बदलला, कुंथल्यासारखा होता तो स्वच्छ 'खट्' झाला.

मागच्या डाव्या दारात मोटर खरोखर गेलेली होती. बल्ब लख्ख पेटत होता आणि मोटरीला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट टेकवले तरी ती ढिम्म. (असं टेकवताना क्षणभरच, धरून ठेवलं तर मोटर तापते.) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की एखाद्या वेळी फिरायची, म्हणजे आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) संपलेले. का संपले त्याचं उत्तर दारातच होतं. मागे कोणीतरी स्पीकर बसवताना पॅडमागचं प्लॅस्टिकचं आवरण फाडून तसंच सोडलं होतं. काचेवरून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. इथे ती भोकं चिखल आणि वाळक्या पाल्याने बुजलेली, आत तळं. भोकं मोकळी केली, जाड प्लॅस्टिक कापून चिकटपट्टीने नवीन आवरण लावलं, आणि कनेक्टरच्या आधी वायरीला खाली एक झोल दिला, म्हणजे ओघळ कनेक्टरमध्ये न जाता झोलावरून ठिबकतो.

नवीन मोटर म्हणून बाजारातली दोन वायरींची साधी मोटर घेतली, अडीचशेच्या आत. तिच्याबद्दल मत संमिश्र आहे. ताकद भरपूर, आवाजही भरपूर, चार दारांत हे एकच दार लांबून ओळखू येतं. बसवणं मात्र निगुतीचं काम. सोबत येणारी भोकांची पत्र्याची पट्टी वाकवून मोटर अशी धरायची की तिचा दांडा लॅचच्या रॉडच्या रेषेतच सरकेल. तिरपा ओढला तर आतलं प्लॅस्टिक लवकर झिजतं. काच वर-खाली करून स्क्रू तिला लागत नाहीत ना, तेही पाहायचं. भोक पाडलेल्या पत्र्याच्या कडेला रंग लावा, नाहीतर तिथून गंज धरतो. गणपतीच्या सुमारास हे दार पुन्हा आळस करायला लागलं. मोटर ठीक होती, खड्ड्यांनी रॉड धरणाऱ्या क्लँपचा स्क्रू सैल केला होता. थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब टाकून आवळल्यावर आजतागायत ठीक. ज्यांनी असं किट बसवलं आहे त्यांनी मोटरीला नावं ठेवण्याआधी हा स्क्रू बघावा.

हे सगळं मोटर आणि लॅच वेगवेगळे असणाऱ्या जुन्या गाड्यांना लागू आहे. त्यानंतर आलेल्या बऱ्याच गाड्यांत मोटर लॅचच्या डबीतच बंद असते. तिथे साधी मोटर बसत नाही, एकतर आख्खा लॅच घ्यावा लागतो किंवा डबी उचकटून आतली छोटी मोटर बदलणारा कारागीर शोधावा लागतो. पॅड काढताना हँडलच्या वाटीतला आणि आर्मरेस्टमधला स्क्रू आधी शोधा, क्लिपा चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा, उन्हाने कडक झालेल्या हमखास तुटतात. हातमोजे घाला, दाराच्या आतला पत्रा ब्लेडसारखा कापतो.

रिमोटवर अवलंबून राहून चावीचं कुलूप वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही, मग बॅटरी उतरलेल्या दिवशी ते घट्ट झालेलं सापडतं. माझं झालंच होतं. त्यात ग्रॅफाइटची पूड घातली आणि आता आठवड्यातून एकदा गाडी चावीनेच उघडतो.

डिकीचं लॉक अजून तसंच आहे, किल्लीने उघडावं लागतं. मागचा वायपर आणि नंबर प्लेटचा दिवाही अधूनमधून दगा देतात, म्हणजे डिकीच्या बिजागरीजवळच्या नळीतही तीच तुटकी वायर असणार. वरच्या छताची पट्टी सोडवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, त्यामुळे ते काम मकरसंक्रांतीच्या सुट्टीवर टाकलं आहे.