नौपाड्यातली जुन्या पिस्तुलांच्या नंबरावरून त्यांची माहिती शोधून देणारी सर्व्हिस, माझा अनुभव

घरात आजोबा-पणजोबांचं लायसन्सवालं रिव्हॉल्वर असेल किंवा जुनी लष्करी पिस्तुलं जमवायचा नाद असेल तर हे जरूर वाचा. ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक काका हे काम करतात, बोर्ड वगैरे काही नाही, ओळखीतूनच पत्ता मिळतो.

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आप्पांकडे, वेबली मार्क सिक्स, म्हणजे ब्रिटिश सैन्याचं जुनं रिव्हॉल्वर आहे, लायसन्स वारसाने रीतसर त्यांच्या नावावर झालेलं. घरात सगळे सांगायचे की हे पणजोबांनी कूतच्या (पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या) वेढ्यातून आणलं. आधी एका ऑनलाइनवाल्याने नुसता नंबर मागवून घेतला, चांगले पैसे लावले आणि कूतमधल्या कुठल्याशा ऑफिसरची अख्खी स्टोरी लिहून पाठवली, पुरावा शून्य. मला ते मनापासून खटकलं, लोकांच्या घरच्या आठवणींवर असा धंदा करू नये.

काकांनी फोनवरच सांगितलं, हत्यार अजिबात घेऊन येऊ नका, फोटो आणा. फोटो कसा काढायचा तेही सांगितलं, खोलीतला लाइट बंद करायचा आणि टॉर्च बाजूने अगदी आडवा धरायचा. खरंच, ठोकलेल्या आकड्याच्या खाचेत सावली पडली आणि इतके दिवस आम्ही ३ समजत होतो तो ८ निघाला. मग त्यांनी फ्रेमच्या, म्हणजे रिव्हॉल्वरच्या मुख्य सांगाड्याच्या, डाव्या बाजूचा फोटो मोठा करून दाखवला, तिथे कारखान्याने घातलेलं साल १९१७, आणि कूत तर एप्रिल १९१६ मध्येच पडलं होतं! म्हणजे कूतचा विषयच संपला. आप्पांचा चेहरा उतरला तर काका म्हणाले, "आप्पासाहेब, नंबरावरून बनवलं कधी ते कळतं, कुणाच्या कमरेला होतं ते नाही." पण त्यांनीच मग एकमेकांकडे टोकं केलेले दोन बाण दाखवले, तो शिक्का म्हणजे सरकारने सैन्यातून काढून रीतसर विकलेलं हत्यार. आप्पा एकदम खूश, घरात काही लुटीचं वगैरे नाही म्हणून.

सिलेंडरचा (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाचा) नंबर फ्रेमशी जुळत नाही, कधीतरी बदललाय, हेही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. यामुळे जुनी हत्यारं जमवणारे कमी भाव देतात, तरी लपवलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

तिथेच एकांच्या जर्मन सैन्याच्या लुगर पिस्तुलाचे फोटो आले होते. त्यात कारखान्याचे नंबर दरवर्षी परत १ पासून सुरू व्हायचे, दहा हजार झाले की पुढे अक्षर लागायचं, त्यामुळे कारखाना, साल आणि अक्षर नसेल तर नुसत्या नंबराला अर्थच नाही. छोट्या पार्टवर शेवटचे दोन आकडे असतात, ते सगळे जुळले तर किंमत वेगळीच.

तक्रारी पण आहेत, दुपारी फोन उचलत नाहीत, फी स्वस्त नाही आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत, आप्पांना मला वाचून दाखवावा लागला. मराठीत द्याच काका.

जाणार असाल तर आधी पॉलिश मारू नका, शिक्के झिजतात. आणि नंबर घासणं किंवा बदलणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, तसलं हत्यार असेल तर काका फोटोसुद्धा बघत नाहीत.