लाल खुणा खऱ्या होत्या

अनोळखी नंबरवरून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ असा फोन आला असता, तर मी तो दुसऱ्या वाक्याला ठेवला असता. तेवढी अक्कल आहे मला. पण इथे फोन मीच केला होता.

झालं असं की, हिशेबाची फाइल उघडी असतानाच पडदा निळा झाला. खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’ अशी अक्षरं आली, टक्के शंभरावर गेले आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. सुरू म्हणजे नावालाच. टास्कबारवर क्लिक लागेना, आवाज गायब, फाइल उघडायला गेलं की ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दोनदा बंद-चालू केलं, तिसऱ्यांदा परत निळा पडदा.

मोबाइलवर त्या एररचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर एक हेल्पलाइन दिसली. मायक्रोसॉफ्टच्या चार चौकोनांसारखं चिन्ह, चोवीस तास सेवा आणि ठळक अक्षरांत नंबर. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलं होतं, ते माझ्या नजरेत आलं नाही. पैसे मोजून कुणीही तिथे वर बसू शकतं.

फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय शांत होता. घाई नाही, दरडावणं नाही. ‘मॅडम, आधी सांगा, महत्त्वाच्या फाइल सुरक्षित आहेत ना?’ हा त्याचा पहिला प्रश्न. तिथेच मी निम्मी विरघळले. मग त्यानं एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, त्यावर दिसणारा आकडा मी वाचून दाखवला, आणि माझ्या हाताशिवाय माउसचा बाण पडद्यावर फिरू लागला.

त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडली. मी जन्मात न पाहिलेली ती खिडकी. पिवळे त्रिकोण, लाल गोळे, खाली सरकवत जावं तितके निघतच होते. एका ओळीवर तो थांबला: कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१, ‘क्रिटिकल’. ‘वेळ बघा मॅडम. याच वेळी बंद पडलं होतं ना?’ वेळ मिनिटासकट जुळत होती. ‘बाहेरच्या कुणीतरी तुमचं मशीन पाडलंय.’

हे सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे त्यानं दाखवलेलं काहीच बनावट नव्हतं. ४१ नंबरची नोंद म्हणजे एवढंच की, मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. लाइट गेले, बटण दाबून धरलं, क्रॅश झाला, तरी ती पडते. वेळ जुळणारच होती, ती माझ्याच क्रॅशची नोंद होती! आणि उरलेले लाल-पिवळे गोळे धडधाकट मशीनमध्येही असतात. खुणा खऱ्या, अर्थ तेवढा त्याच्या पदरचा.

मग कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यानं ‘असॉक’ असं काहीतरी टाइप केलं. सरसर ओळी धावल्या. शेवटच्या ओळीत ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांबलचक आकडा होता, आणि तो त्यानं स्वतःच्या नोंदीत बघून मला आधीच वाचून दाखवला होता. ‘हा तुमचा लायसन्स नंबर. आमच्या सर्व्हरवर दिसतोय, म्हणजे हॅक झालाय.’ माझ्या अंगावर काटा आला. तो आकडा जगातल्या विंडोजच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखाच असतो, हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. विंडोजच्या आत चालणाऱ्या छोट्या कामांपैकी, म्हणजे सर्व्हिसेसपैकी, ‘स्टॉप्ड’ असलेल्या दाखवून तो आणखी घाबरवत होता, पण तोवर माझ्या हातात कार्ड आलेलंच होतं. पाच वर्षांच्या संरक्षणाचे पैसे मी भरले.

गंमत म्हणजे मशीन दोन दिवस नीट चालल्यासारखं वाटलं. मी दोघींना तो नंबरही दिला, याची लाज अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा निळं. मावसबहीण हार्डवेअरचं काम करते, तिला बोलावलं. (आधी का नाही? तिला त्रास नको म्हणून. अशा भिडेनंच घात होतो.) तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी नेटची वायर उपटली. ‘बँकेला फोन लाव, कार्ड बंद कर. पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, या मशीनवरून एकही नाही.’ मग दाखवलं की, ते रिमोटचं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर आपोआप सुरू होत होतं आणि त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता. त्याला वाटेल तेव्हा आत यायची सोय!

मूळ दुखणं निघालं भलतंच. तिनं झाकण काढलं, रॅमच्या दोन पट्ट्यांतली एकेक लावून मेमरीची तपासणी चालवली. एक पट्टी साफ पास, दुसरीला लगेच एरर. ‘नुसता क्रॅश असता तर खराब पट्टी काढून एसएफसी स्कॅननाऊ चालवलं असतं, बिघडलेल्या सिस्टिम फाइल दुरुस्त झाल्या असत्या. पण आत माणूस येऊन गेलाय, आता पुसूनच टाकू.’ फाइल काढून घेतल्या, विंडोज नव्यानं टाकलं. जाताना म्हणाली, ‘निळ्या पडद्यावर क्यूआर कोड असतो, फोन नंबर कधीच नसतो. मायक्रोसॉफ्ट एररच्या संदेशात नंबर देतच नाही.’

महिन्याभरानं त्या हेल्पलाइनवाल्याचाच फोन. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, तेवढं रिमोट चालू करून बँकेचं खातं उघडा. ही युक्ती तोवर मला माहीत झाली होती: ब्राउझरमधल्या पानावरचा शिलकेचा आकडा तात्पुरता बदलून ‘चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत पाठवा’ म्हणायचं. खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं.

‘मॅडम, मशीन नीट चालतंय ना?’ त्यानं मायेनं विचारलं. फोन कानाला लावूनच मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज कोरं, रॅम धड, आणि लाल गोळे एकोणीस.

‘उत्तम चालतंय,’ म्हटलं आणि फोन ठेवला.