गुहागरच्या पडवीतून इंग्लंडात मत : प्रॉक्सी सेवेचा माझा अनुभव

2024 च्या 22 मेला लंडनात भर पावसात उभं राहून ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी 4 जुलैच्या मतदानाची घोषणा केली, तेव्हा माझं गावाचं तिकीट काढून झालं होतं. निवडणूक थंडीच्या तोंडावर होईल असंच हॉस्पिटलातल्या माझ्या वॉर्डात सगळे धरून होते. जूनमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध. ते काही पुढे ढकलता येत नाही. परतीचं विमान 12 जुलैला. म्हणजे मतदानाच्या दिवशी मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत.

मी इंग्लंडातल्या मिडलंड्समधल्या एका शहरात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे. स्वतःला जाता येणार नसेल तर आपल्या वतीने दुसऱ्याला केंद्रावर पाठवून मत देता येतं, त्याला तिथे प्रॉक्सी म्हणतात. 2024 च्या जूनमध्ये मी ही सोय इथून वापरली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, आपल्याला तिथे मत आहे. नागरिकत्व भारताचंच असलं तरी आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे रीतसर व्हिसावर राहत असेल, अठरा पूर्ण असेल, यादीत नाव असेल, तर पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. विद्यार्थीसुद्धा. साम्राज्याच्या काळात आपण ब्रिटिश प्रजा होतो, त्यातून हा हक्क उरलेला आहे. माझ्यासोबत काम करणारी पोलंडची नर्स तिथे माझ्या कितीतरी आधीपासून राहते, कर भरते, आणि तिला या निवडणुकीत मत नाही. मला आहे. तिच्यासमोर याबद्दल बोलताना मला अवघडल्यासारखं होतं.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 1892 साली दादाभाई नवरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून गेले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी, हे ते दर वर्षी वर्गात सांगत. मीही त्या वर्गात बसले आहे. आणि तरी 2019 च्या डिसेंबरात पार्लमेंटची निवडणूक झाली तेव्हा, तिथे नवीन असताना, मला मत आहे हे मला ठाऊक नव्हतं. नोकरीवर रुजू होताना बँक, डॉक्टर, कर, सगळ्याची माहिती देणारी जाड फाईल मिळाली होती. मतदार नोंदणीची एक ओळसुद्धा त्यात नव्हती. ती निवडणूक माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष मी हाच मानते. सेवा चांगली आहे, पण ज्याला माहीत आहे त्याच्यापुरतीच.

आता इथून काय केलं ते. टपालाने मत मागवायचा विचार पहिल्या दिवशीच सोडला. उमेदवारी अर्जांची मुदत 7 जूनला संपली, मतपत्रिका छापायच्या त्यानंतर. ती विलायतेहून आमच्या वाडीत येणार, मी खूण करून परत पाठवणार आणि 4 जुलैच्या रात्री दहाच्या आत ती तिथे पोचणार, हे मिरगाच्या पावसात होणं नाही. प्रॉक्सीच्या अर्जाला 26 जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता.

अर्ज मोबाईलवरून भरला. इंग्रजी अगदी सोपं आहे. जन्मतारीख, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथे काम करणाऱ्याला मिळणारा सरकारी क्रमांक), कुठल्या निवडणुकीसाठी, आणि ज्याला पाठवायचं त्याचं नाव-पत्ता. दहा मिनिटांचं काम. अडलं ते सहीपाशी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करून तिचा फोटो जोडायचा असतो. आमच्या घरात कागद म्हणजे आईच्या हिशेबाच्या रेघी वह्या. शेवटी शृंगारतळीला झेरॉक्सवाल्याकडून दोन कोरे कागद आणि काळं पेन घेऊन आले. तोवर लाईट गेली होती. पडवीत उजेडाला बसून सही केली, फोटो काढला, आणि डोंगरीच्या बाजूला जिथे रेंज मिळते तिथे छत्रीत उभी राहून अर्ज पाठवला.

पाच दिवसांनी तिकडच्या नगरपालिकेचा ईमेल आला. सहीवर सावली पडली आहे, पुन्हा पाठवा. पाठवली. मग आठवडाभर काहीच नाही. तिथलं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड. तीन दिवस दीड वाजता फोन धरून बसले. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, अर्ज शोधला आणि मंजूर झाल्याचं सांगितलं. आवाजात घाई नव्हती. पण परदेशातून अर्ज करणाऱ्याला दुसरी सही मिळाल्याची एका ओळीची पोचही मिळू नये, हे बरोबर नाही. मुदत डोक्यावर असताना माणूस झोपत नाही.

तरीही आपल्याकडच्या मानाने हे फार पुढचं आहे. 2024 च्याच 7 मेला रायगड मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं, त्यात गुहागर येतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयाने नाव नोंदवलं तरी मत द्यायला त्याला प्रत्यक्ष केंद्रावरच यावं लागतं. एका मतासाठी विमानाचं भाडं कोण भरणार? आमच्या वाडीतली किती पोरं मस्कत, दुबई, कतारला आहेत.

ओळखपत्राचाही मुद्दा आहे. 2022 च्या कायद्याने इंग्लंडात केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं. पार्लमेंटच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते 2024 च्या या निवडणुकीत पहिल्यांदाच लागणार. आपला भारतीय पासपोर्ट चालतो. प्रॉक्सीने स्वतःचं ओळखपत्र दाखवायचं, माझं नाही. आपल्याला यात नवल वाटत नाही, आपण कार्ड काढूनच रांगेत उभे राहतो. पण म्हाताऱ्या माणसांचा बसपास चालतो आणि तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही, हा भेद मला पटत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला फुकट प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठीही आधी कुणीतरी सांगावं लागतं.

माझं मत कशावर ठरलं तेही सांगते. 2024 च्या मार्चपासून केअर वर्करला, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्याला, नवरा-बायको, मुलं सोबत नेणं बंद झालं. कुशल कामगाराच्या व्हिसाची पगाराची अट त्याच वर्षी एप्रिलमध्ये 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेली. व्हिसावर येणाऱ्याने आरोग्यसेवेसाठी भरायचा अधिभार वर्षाला 1,035 पौंड झाला. आरोग्यसेवेच्या व्हिसावरच्या आम्हा नर्सना तो माफ आहे, पण बाहेरून आलेल्या बाकीच्यांना भरावा लागतो, आणि वॉर्ड बाहेरून आलेले आम्हीच चालवतो. 2024 च्या मध्याला इंग्लंडात उपचारांच्या प्रतीक्षायादीत 75 लाखांवर प्रकरणं पडून होती. या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी करू म्हणत होते. रात्री तीन वाजता म्हाताऱ्या माणसाची कूस कोण बदलणार, हे त्यांच्यापैकी कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. मी उमेदवारांची पत्रकं वाचताना तेवढंच शोधलं.

आणि आता ज्यामुळे मी पाचपैकी साडेतीनच तारे देते ते. प्रॉक्सीत मत गुप्त राहत नाही. ज्याला पाठवायचं त्याला सांगावंच लागतं. बाबा कित्येक निवडणुकांत केंद्राध्यक्ष होते. मतपेटीला लाख लावून सील करताना बोट भाजल्याचा डाग त्यांच्या अंगठ्यावर शेवटपर्यंत होता. स्वतःचं मत ते टपालाने देत, माजघराचं दार लोटून, आणि आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. आईने कधी विचारलंही नाही. अशा घरातली मी, माझ्या वॉर्डातल्या केरळच्या मैत्रिणीला फोनवर उमेदवाराचं नाव सांगताना दोनदा थांबले. ती विश्वासाची आहे म्हणून जमलं. नवऱ्याच्या किंवा घरमालकाच्या दबावाखाली असलेल्या बाईने कुणाला सांगायचं? एका माणसाने किती जणांचं प्रॉक्सी व्हायचं यावर आता मर्यादा आहे, ती चांगलीच आहे. दबाव मात्र एका मतावरही पडतो. म्हणून माझा सल्ला : तिथे असाल तर स्वतः जा. टपालाने वेळेत जमत असेल तर तसं करा. प्रॉक्सी शेवटी, आणि माणूस पारखून.

मैत्रिणीच्या घरी प्रॉक्सीचं पोलिंग कार्ड आलंय, तिने फोटो पाठवला. 4 तारखेला रात्रपाळी संपवून ती तशीच माझ्या केंद्रावर जाणार आहे. केंद्र सकाळी सातला उघडतं, म्हणजे आपले साडेअकरा. तेव्हा आम्ही खालच्या मळ्यात लावणीला असू. तिथे रेंज नाही, म्हणून मोबाईल आईकडे पडवीत ठेवणार आहे. मैत्रीण मल्याळी, आईला मराठीशिवाय येत नाही. दोघींचं एवढंच ठरलंय की काम झालं की तिने "झालं" म्हणायचं, आणि आईने बांधावर येऊन मला हाक मारायची.