काळ्या विनोदाचे दहा रविवार : लातुरातील एक अभ्यासवर्ग

अमेरिकन साहित्य आणि कलेतील काळ्या विनोदाच्या, म्हणजे मृत्यू, युद्ध अशा भयंकर गोष्टींवरच्या विनोदाच्या अभ्यासात हयात घालवलेले एक निवृत्त प्राध्यापक लातुरात राहत्या घरी दहा रविवारांचा अभ्यासवर्ग घेतात. औशाहून एसटीने ये-जा करून मी तो नुकताच पूर्ण केला. इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटवरील तीन व्याख्याने हा या वर्गाचा गाभा. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा युद्धकैदी असलेला हा लेखक कत्तलखान्याच्या तळघरात असल्यामुळे वाचला आणि पुढे त्यालाच प्रेते उपसण्याच्या कामाला लावण्यात आले. त्यावरची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी यायला १९६९ उजाडले. तीत कोणीही मेले की ‘सो इट गोज’ (असंच चालायचं) एवढेच येते, शंभराहून अधिक वेळा. फसफस निघून गेलेल्या शॅम्पेनलाही तेच शब्द. सरांनी आपल्या जीर्ण प्रतीत अशा प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक टिंब दिले आहे.

ही निर्दयता नव्हे काय, असे एकाने विचारले. हसणारा कुठे उभा आहे ते आधी पाहा, असे सर म्हणाले. तेव्हा किल्लारीकडच्या एका विद्यार्थिनीने आजीची आठवण सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी आजी आल्यागेल्याला म्हणायची, “आता कायबी भ्याव न्हाई बाबा, पडायला भिंतच ऱ्हायली न्हाई.” सरांनी ते वाक्य फळ्यावर व्हॉनेगटच्या वाक्याखाली लिहिले आणि उरलेला तास त्या दोन ओळींवरच घेतला. इतके चांगले अध्यापन मी क्वचितच अनुभवले आहे.

जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ या युद्धकादंबरीवरील व्याख्यानही भरीव होते. हेलर स्वतः बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमांवर गेला होता, हे कळल्यावर त्या कादंबरीतील वेडाचा नियम (वेड्याला मोहिमेतून सुटका मिळते, पण सुटका मागणारा शहाणाच ठरतो) निराळाच वाचला जातो.

कलेचा भाग मात्र एका रविवारात उरकला जातो. अमेरिकन चित्रकार-लेखक एडवर्ड गोरीने १९६३ सालच्या एका पुस्तकात सव्वीस अक्षरांवर सव्वीस मुलांचे मृत्यू चितारले. त्याची सारी करामत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांत आहे आणि आम्हाला मिळालेल्या झेरॉक्समध्ये त्या रेघांचा नुसता काळा डाग झाला होता. सरांनी मूळ पुस्तक फिरवले, परंतु वीस जणांत ते माझ्या वाट्याला दोन मिनिटेच आले. पुढच्या वर्गात चित्रांसाठी आणखी एक रविवार आणि चांगल्या प्रती मिळाव्यात, अशी विनंती मी त्यांना केली आहे.